हात ठेवला की थांबणारी घरघर

९ जानेवारी

मामा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे आई आणि मी. फोनच करणार होते, पण मागच्या खेपेला मी "आई जिन्यावरून पडली" म्हणाले आणि तू "वा, छान झालं!" म्हणालास. तेव्हापासून मामीने मला बजावून ठेवलंय, त्याला काही सांगायचं तर कागदावर सांग.

आईचा गुडघा आता जिना चढू देत नाही. म्हणून तिचं बिऱ्हाड वरून खाली, दादाच्या खोलीत हलवलं. नऊ वर्षांत त्या खोलीत मी झाडू मारण्यापलीकडे काही केलं नव्हतं. कपाट सरकवलं तर मागे त्याची इलेक्ट्रिक गिटार, शिक्षा केल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी. मी ती माळ्यावर टाकणार होते. आई म्हणाली, "ती इथेच राहील. पण मोडकी राहणार नाही."

दुकानात नेऊ का विचारलं, तर म्हणाली, "दुकानात नको. मामाला विचार."

म्हणून विचारते. गिटारच्या बुडाशी, कडेला, जिथे केबल खुपसतात, तिथली प्लास्टिकची पट्टी मधोमध तडकलीय. केबल धरणारा जॅक पोटात लोंबतोय. त्याची एक तार तुटलेली आहे, दुसरी केसाएवढ्या धाग्यावर तग धरून. कशाने तुटलं कोण जाणे. पडली असेल कधीतरी.

मी दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवते. माणसाच्या तोंडात दात बसवता येतात तर गिटारमध्ये जॅक का बसवता येऊ नये? तुझं जुनं सोल्डरिंग आयर्न अजून आमच्याकडे आहे. त्यानेच तू आम्हा दोघांना तारा जोडायला शिकवलं होतंस. दादाचा जोड चकचकीत यायचा आणि माझ्या जोडाला तू "शेणाचा गोळा" म्हणायचास.

काय आणू, कसं करू, सविस्तर लिही. आई तुझी रोज आठवण काढते. नऊ वर्षांत तू इकडे फिरकला नाहीस, त्यावर ती म्हणते, त्याला प्रवास झेपत नाही.

तुझी,
मुंगी


१७ जानेवारी

मुंगे,

तुझं पत्र तीनदा वाचलं, त्यातलं एकदा चष्म्याशिवाय.

काम सोपं आहे. घाई केलीस तरच अवघड. नवा जॅक आण, साधा दोन पायांचा. आणि पट्टी पत्र्याची आण, प्लास्टिकची नको. तुटकी पट्टी बरोबर घेऊन जा आणि दुकानदाराच्या हातात ठेव. भोकांमधलं अंतर जुळलं पाहिजे. तो "सगळ्या सारख्याच असतात" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

उघडण्याआधी आहे त्या स्थितीचं चित्र काढून ठेव. फोटो नको, चित्रच. हाताने काढलेलं डोक्यात राहतं. एक तार जॅकच्या लांब जिभेच्या पायाला जाते, जी जीभ केबलच्या टोकाला चाटते. ती आवाजाची. दुसरी गोल अंगाच्या पायाला. ती जमिनीची. उलट लावलीस तर काही जळणार नाही, पण गाण्याऐवजी नुसती घरघर ऐकू येईल.

तारा आखूड झाल्या असतील तर ओढाताण करू नकोस, वीतभर नवा तुकडा जोड. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर दात कोरायच्या काड्या गोंदात बुडवून आत ठोक, वाळल्यावर कापून टाक. हे तुला मी काय सांगायचं, तुझा तर धंदाच आहे पोकळी भरायचा. आणि शेवटचा नट आवळताना जॅक आतून धरून ठेव. नाहीतर वर नट फिरतो, खाली जॅक फिरतो आणि तारा पिळून तुटतात. बहुतेक गिटारी याच एका आळसापायी बिघडतात.

आता नीट वाच. दादाचा जुना अँप्लिफायर घरात असेल तर त्याला गिटार लावू नकोस. तपासायलाही नाही. तो म्हातारा झालाय, भंगारात दे. नवा छोटा अँप घे आणि आधी घरातलं अर्थिंग कुणा माणसाकडून तपासून घे. हे मी दोनदा लिहिलं असं समज.

माझं म्हणशील तर बाहेरचं कमी ऐकू येतं, आतलं जास्त. कानात एक घरघर असते, एकाच सुरात, झोपेतही. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं. मी हो म्हणतो.

ताईला सांग, मी बरा आहे.

मामा


३० जानेवारी

मामा,

पहिल्या दुकानदाराने खरोखरच "सगळ्या सारख्याच असतात" म्हटलं. मी दुसऱ्या दुकानात गेले.

पत्र्याची पट्टी मिळाली. चित्र काढलं. जुना जॅक सोडवला. आत नऊ वर्षांची धूळ होती आणि एक गिटार वाजवायची पिक, तिचा कोपरा दातांनी चावलेला. दादाला ती सवय होती. मी थोडा वेळ काम थांबवलं. मग परत सुरू केलं.

भोकं भरून वाळत ठेवली आहेत. तोवर पट्टी न बसवता जॅक नुसता तारांना जोडून बघितला. माझा जोड या वेळी चकचकीत आलाय, तुझ्या शेणाच्या गोळ्याची शपथ.

आता ओरडू नकोस. अँप दादाचाच लावला. पोलिसांनी वर्षभराने परत दिला होता, तो चादरीत गुंडाळून जिन्याखाली पडलेला. नवा आणायला वेळ नव्हता आणि आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "लाव ना. किती वेळ?"

लावला. लाल दिवा लागला. आधी काहीच नाही, मग हळूहळू घरघर सुरू झाली. खोलीत कुणीतरी आजारी माणूस निजलाय आणि त्याचा श्वास ऐकू येतोय, तशी. मी गिटारच्या तारांवर हात ठेवला तर आवाज बसला. हात काढला तर पुन्हा सुरू. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच.

आई उठली. गुडघ्याची पर्वा न करता आली, पलंगावर बसली आणि म्हणाली, "हात काढू नकोस गं. तू हात ठेवलास की त्याला बरं वाटतं."

मामा, मी हात काढला नाही. अर्धा तास बसून राहिले असेन. आता आई रोज दुपारी तेच मागते. मी लॅबमधून जेवायला घरी येते, अँप लावते, तारांवर हात ठेवते आणि ती डोळे मिटून बसते. कधी ओठ हलतात तिचे. काय बोलते ते मी ऐकत नाही.

एक विचारायचं राहिलं. हात ठेवला की बोटांना बारीक झिणझिण्या येतात, विशेषतः फरशीवर अनवाणी असले की. मुंगीला मुंग्या! जॅकचा जोड कच्चा राहिला असेल का?

मुंगी


३ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र आत्ता मिळालं. मामी तुला फोन लावते आहे. हे कुरिअरने पाठवतोय, कारण फोनवर तू हसून सोडून देशील.

अँपचा प्लग भिंतीतून काढ. आधी भिंतीवरचं बटण बंद कर, मग प्लग काढ, चपला घालून. गिटारला, तारांना, अँपला कुणीही हात लावायचा नाही. ताईने तर नाहीच. तो जोड कच्चा नाही. तुझा जोड चांगला आहे.

ताई रडली तरी लावायचा नाही.

मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

प्लग काढला. मामी फोनवर इतकी घाबरलेली होती की मी चपला घालून स्वयंपाकघरातही फिरत होते. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता दुपारी गिटार मांडीवर घेऊन बसते, तारांवर हात ठेवते आणि अंदाज घेतल्यासारखी मान तिरकी करते. आवाज नाही तर शांत कुणाला करायचं, तेच तिला कळत नसावं.

पण मामा, तू इतका का घाबरलास? नुसत्या झिणझिण्यांना?

उत्तर मला ठाऊक आहे असं वाटतं. आणि म्हणून जे नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही ते आज लिहिते. तू जाणकार आहेस. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

गिटार पडून तुटलेली नाही. ती मी तोडली.

दादाच्या कार्यक्रमाच्या त्या संध्याकाळी हॉलमध्ये मी स्टेजच्या कडेलाच, पायरीवर बसले होते. दादाने पहिलं गाणं संपवलं, पाणी प्यायला, आणि दुसरं सुरू करायला माईकशी तोंड नेलं. डावा हात तारांवर होता. त्याचे ओठ माईकला टेकले आणि तो थांबला. नुसता थांबला, मामा. लोकांना वाटलं, नाटक करतोय. दोघं-तिघं हसले. मी त्याच्या मानेच्या शिरा पाहिल्या आणि धावले. त्याला हात लावायची हिंमत झाली नाही. समोर केबल दिसली. ती धरली आणि सगळं अंग टाकून ओढली. पट्टी तडकली, जॅक आत गेला, केबल सुटून माझ्या हातात आली. ठिणगी उडाली. आणि तो पडला.

मी ओढेपर्यंत तो उभा होता. मी ओढल्यावर पडला.

चौकशीत मला कुणी विचारलं नाही. हॉलच्या वायरिंगचा दोष निघाला, हॉलच्या वायरमनचं लायसन्स गेलं आणि विषय संपला. पण मी रोज कवळ्या घासताना तो पडण्याचा आवाज ऐकते. ती ठिणगी माझ्यामुळे त्याच्या अंगात गेली का? मी ओढली नसती, कुणीतरी मेन स्विच बंद केला असता, तर तो वाचला असता का?

खरं सांग. समजूत काढू नकोस, ती मला ओळखता येते.

मुंगी


६ मार्च

मुंगीबाई,

मामी लिहितेय. माझं अक्षर तुला लागेल तसं लागेल.

तुझं पत्र आल्यापासून यांचं काही खरं नाही. लिहायला बसतात, फाडतात. टोपलीत कागदच कागद. कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलंय, म्हणजे मी बोलले तरी ऐकू जायला नको. परवा जेवताना मध्येच म्हणाले, "पोरगी नऊ वर्षं ते ओझं वाहतेय." मी म्हटलं कोण पोरगी, कसलं ओझं. तर ताटावरून उठले.

तू काय लिहिलंस ते मी विचारत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, या माणसाने कधी माझ्यावर आवाज चढवला नाही, आणि कधी मनातलं एक अक्षरही सांगितलं नाही. पण ते आता लिहितील असं वाटतं. काल नवीन कागद आणले आहेत.

ताईंना नमस्कार. त्यांचा गुडघा शेकत जा.

मामी


१२ मार्च

मुंगे,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण उरलेलं वाचल्यावर तू माझ्यावर विश्वास ठेवशील की नाही सांगता येत नाही.

त्या दिवशी त्या हॉलमध्ये एवढ्या माणसांत एकच योग्य गोष्ट घडली, आणि ती तू केलीस. करंट अँपमधून केबलच्या वाटेने गिटारच्या तारांत येत होता, तारांतून त्याच्या हातात, आणि ओठांतून माईककडे जात होता. तू केबल तोडलीस तेव्हा ती वाट तुटली. ठिणगी त्याच्या अंगात गेली नाही, ती वाट तुटल्याची ठिणगी होती. करंट माणसाला धरून ठेवतो. तो उभा दिसत होता, पण उभा नव्हता, टांगलेला होता. तू सोडवलंस म्हणून पडला. मेन स्विच शोधेपर्यंत कुणी थांबलं असतं तर त्याहून वाईट झालं असतं. कुठल्याही जाणकाराला विचार, हेच सांगेल.

आता उरलेलं.

अँपमध्ये करंट कुठून आला? जुना अँप होता, आत कुठेतरी गळती होती. तशी गळती असली तर प्लगमधली तिसरी तार, अर्थिंगची, तो करंट जमिनीत नेते, फ्यूज उडतो, आणि माणूस शिव्या देऊन नवीन फ्यूज टाकतो. एवढंच होतं. त्या अँपला ती तार जोडलेली नव्हती.

ती मी कापली होती.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दादा माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला होता, अँप मांडीवर घेऊन बसने. हे तुम्हा दोघींना माहीत नाही. तुम्हाला सांगून आला होता, मित्राकडे जातो. घरी रेकॉर्डिंग करताना घरघर येते म्हणाला, तीन दिवस डोकं धरून बसलोय. दोन यंत्रं एकमेकांना जोडली की कधी कधी अर्थिंगच्या वाटेने अशी घरघर येते. ती घालवायची योग्य रीत असते, तिला अर्धा दिवस लागतो. दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, मिनिटभराचं काम आहे. प्लग उघडला, अर्थिंगची तार कापली, टोक मेणाच्या दोऱ्याने बांधलं, प्लग बंद केला. घरघर गेली.

नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी त्याला म्हणालो होतो, "हे घरच्यापुरतं, हॉलमध्ये असा वापरू नकोस." हे पत्र मी अकरा वेळा लिहिलं, आणि दहा वेळा त्यात ते वाक्य होतं. ते खोटं आहे. मी तसं म्हणालो नव्हतो. मला ते सुचलंच नव्हतं.

चौकशीत हॉलच्या बोर्डात एक उघडा जोड सापडला आणि ते तिथेच थांबले. प्लग कुणी उघडलाच नाही. बाहेरून तिन्ही पिना जागच्या जागी होत्या. हॉलच्या वायरमनचं लायसन्स गेलं त्या दिवशी मी पेपरात वाचलं, घडी घातली आणि दुकानाला कुलूप लावलं. तेवढंच केलं. तुमच्याकडे कुठल्या तोंडाने येणार होतो?

प्लग उघडून बघ. भिंतीपासून लांब, हातात घेऊन. दोऱ्याची गाठ तू ओळखशील, तुम्हा दोघांना शिकवलेलीच आहे.

मामा


२८ मार्च

मामा,

गाठ ओळखली.

तुझं पत्र लॅबच्या पत्त्यावर आलं हे बरं झालं. मी ते टेबलाखाली धरून वाचलं आणि हातातली कवळी चुकीच्या साच्यात घातली. आता एका आजोबांना नवीन माप द्यायला यावं लागेल.

पहिला भाग वाचून मी रडले. उरलेला वाचून रडू थांबलं. आता मला कळत नाही की मी तुझी आभारी आहे की तुझं तोंड बघणार नाही. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. तू मला सोडवलंस, पण नऊ वर्षं अडकवूनही तूच ठेवलं होतंस. मी वीस वर्षांची होते, मामा.

तुझं वय झालंय, तुझा कान गेलाय, तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे सगळं मला समजतं. तरी मी तुला "जाऊ दे" म्हणणार नाही. जाऊ द्यायचं ते माझं एकटीचं नाही.

आईला मी सांगणार नाही. ते तू सांगायचंस, तिच्या समोर बसून. आणि त्याआधी त्या वायरमनकडे जा. त्याचा पत्ता मी काढलाय, सोबतच्या चिठ्ठीवर आहे. मी जाऊन आले असते, पण मी काय सांगणार? माझ्याकडे फक्त गाठ आहे.

जॅक अजून तसाच लोंबतोय. तू येईपर्यंत तसाच राहील.

मुंगी


२५ एप्रिल

मुंगे,

वायरमनला भेटून आलो.

तो आता शिलाई मशीन दुरुस्त करतो. फक्त पायाने चालवायची. विजेचं मशीन घेऊन कुणी आलं तर हात जोडून परत पाठवतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण दिसायला मीच धाकटा.

मी नाव-गाव सांगितलं, मग सगळं सांगितलं. तो मशीनला तेल घालत होता. मी थांबलो तेव्हा त्याचे ओठ हलले, मला ऐकू आलं नाही. मी कानाकडे बोट दाखवलं. त्याने शिंप्याचा खडू उचलला आणि टेबलाच्या फळीवर लिहिलं: "परत सांगा."

परत सांगितलं. त्याने आत जाऊन बायकोला आणलं, तिला समोर बसवलं आणि त्याच दोन शब्दांवर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा सांगितलं. ती बाई माझ्याकडे बघतच नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. तो मग मोठ्याने बोलला, मला ऐकू यावं म्हणून, पण बोलला तिच्याशीच. "रोज तो बोर्ड मनात उघडतो मी. रोज एकेक स्क्रू काढतो. अर्थिंग चांगलं होतं माझं. चांगलं होतं ना? आणि रोज शेवटी वाटतं, नसेल. एवढे लोक म्हणतात तर नसेल."

मी म्हटलं, "चांगलं होतं. उघडा जोड त्या वाटेवर नव्हताच. तुमचं अर्थिंग चांगलं होतं म्हणूनच माईक जमिनीला पक्का जोडलेला होता."

त्यांनी मला चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वीज निरीक्षकाच्या ऑफिसात गेलो. मी जबाब लिहून दिला, सही केली. प्लग पुरावा म्हणून द्यावा लागेल, जपून ठेव. तिथला कारकून म्हणाला, फाईल जुनी आहे, शोधावी लागेल, माझ्यावर काय होईल ते साहेब ठरवतील. होऊ दे. बाहेर पडल्यावर वायरमन माझ्याशी न बोलता रस्ता ओलांडून गेला. पलीकडे जाऊन मात्र तो थांबला, विजेच्या खांबावरच्या पेटीकडे मान वर करून बघत होता. बराच वेळ.

आता ताई. अठरा मे रोजी येतो. तिला नुसतं सांग, मामा येतोय.

मामा


२ जून

मामा,

तू गेल्यापासून दोन आठवडे झाले. तुला जे ऐकू आलं नाही ते लिहायला बसलेय.

तू आईसमोर खुर्चीवर बसून बोललास तेव्हा मी दारात होते. तुझा आवाज किती मोठा झाला होता ते तुला कळलं नसेल. शेजारच्यांच्या खिडक्या उघडल्या. अशी गोष्ट कुणी ओरडून सांगू नये, पण तुझा नाइलाज होता. आई हलली नाही. तुझं संपल्यावर ती खिडकीकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "घरघर थांबली तेव्हा तो हसला होता का रे?"

तुला ऐकू गेलं नाही, मामा. तू होकाराची मान हलवलीस. लोक काही बोलले की हलवतोस तशी. आईने वळून ते पाहिलं, आणि मगच तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

त्यानंतर ती म्हणाली, "जॅक बसवून टाका आता," ते तुला माहीत आहे. मी जोड दिला, तू पट्टी धरलीस. नट मी आवळला, तू जॅक आतून धरून ठेवलास. नवा अँप लावला; तार छेडली तर सूर आला, एरवी घरघर नाही, काही नाही. तरी आईने तारांवर हात ठेवलाच. तू तेव्हा निघायला चपला शोधत होतास.

आता ती अँप लाव म्हणत नाही. दुपारी झोपते. परवा मला विचारलं, तिला दोन-तीन सूर शिकता येतील का. मी म्हटलं, कवळ्या करणाऱ्या बाईकडून काय शिकणार? तेव्हा हसली.

तिने तुझ्यासाठी निरोप दिलाय, तो तिच्याच शब्दांत लिहिते. "त्याला म्हणावं, माफ केलं की नाही ते मला विचारू नकोस, मला माहीत नाही. तू आलास तरी मी बोलेनच असं नाही. पण ये."

आणि माझा प्रश्न. तू न ऐकता मान हलवलीस. आई त्या मान हलवण्यावर जगतेय. खरं काय ते मला सांग. दादा हसला होता का?

मुंगी


८ जून

मुंगे,

हसला होता. ते खरं आहे. घरघर थांबली, त्याने एक सूर छेडला, तो स्वच्छ वाजला, आणि तो हसला. तेवढ्यापुरती माझी मान खोटी ठरली नाही.

पण त्याआधीचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या पत्रात नाही, ऑफिसातल्या जबाबात नाही, वायरमनला तीनदा सांगताना तीनदा गाळलं.

मी तार कापत होतो तेव्हा तो शेजारी उभा होता. शिकवलेला पोरगा, त्याला तारांची ओळख होती. त्याने विचारलं, "मामा, ही कापली तर काही होणार नाही ना?" मी मान वर न करता म्हणालो, "काही होत नाही. मी आहे ना."

तेव्हा तो हसला. घरघर थांबण्याच्या आधी एकदा, आणि नंतर एकदा.

ताईला हेही कळलं पाहिजे. शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. तू त्या वेळी लॅबमध्ये थांब असं लिहिणार होतो. नको. घरीच राहा.

मामा